थ्रो कुणाचा?

इस्त्रीवाल्याला सगळे ‘शिट्टी’ म्हणत. सहा दिवस तो लोकांच्या कपड्यांच्या सुरकुत्या काढायचा आणि सुट्टीच्या दिवशी फुटबॉलच्या मैदानावर पोरांच्या भांडणांच्या. गळ्यात शिट्टी, खिशात दोन कार्डं, एक पिवळं, एक लाल. अंगातला काळा शर्ट इतका कडक की घडीवर बसलेल्या माशीचा पाय कापला जावा. बायको म्हणायची, “धुणं माझ्या वाट्याला, मिरवणं त्या शिट्टीच्या.”

एकुलता एक मुलगा. त्याच्या पायात चेंडू आला की बघत राहावं असा. त्या वर्षीच्या शेवटच्या सामन्याला मोठ्या क्लबचा माणूस त्याला बघायला येणार होता. नेमका ठरलेला रेफरी तापाने आडवा झाला. आता कोण? समोरच्या टीमचा कप्तान कुरकुरला, “अहो, मुलगा खेळणार आणि बाप शिट्टी वाजवणार?” पण दुसरं कोणी मिळेना. मुलगाच हसत म्हणाला, “माझ्या बाबांना तुम्ही ओळखत नाही. ते मलाच जास्त धरतील.”

बोलून गेला बिचारा.

बरोबरी होती, खेळ संपत आला होता. चेंडू समोरच्या पोराच्या पायाला लागून रेषेबाहेर गेला. थ्रो मुलाच्या टीमचा. एवढ्यात ते पोरगं मुलाच्या कानाशी काहीतरी पुटपुटलं आणि मुलाने त्याच्या तोंडावर एक ठोसा ठेवून दिला. दात पडला. क्लबचा माणूस तेव्हा वाकून बुटाची नाडी बांधत होता. ज्याने बघायला नको होतं त्या बापाने मात्र स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं.

चेंडूसाठी झटताना पाय लागला तर गोष्ट वेगळी. हात उगारून मारलं की सरळ लाल, तिथे पिवळ्यावर भागत नाही. इस्त्रीवाल्याचा हात खिशात गेला आणि जरा तिथेच रेंगाळला. मुलगा हळूच म्हणाला, “बाबा, नको ना.”

लाल कार्ड वर गेलं.

मग त्याने थ्रो दिला, तो मुलाच्याच टीमला. झालं! इकडून ओरडा, “दात आमचा पडला आणि चेंडू त्यांना?” तिकडून ओरडा, “पोटच्या पोराचं वाटोळं केलं!” दोन्ही टीमच्या जर्सी दुसऱ्या लॉन्ड्रीत जायला लागल्या. क्लबचा माणूस गाडीत बसून गेला तो गेलाच. थोड्या दिवसांनी मुलगाही गेला, दूरच्या शहरात माल पोचवणाऱ्या गाडीवर. बापाशी बोलणं बंद.

दर सुट्टीच्या संध्याकाळी आईला त्याचा फोन यायचा. इस्त्रीवाला पाठ करून, पण ऐकू येईल अशा बेताने उभा राहून इस्त्री फिरवायचा. बायको फोनवर म्हणायची, “बाबा विचारतायत, जेवलास का?” त्याने तोंडातून ब्र काढलेला नसायचा. मग मान वळवून म्हणायची, “तो विचारतोय, तुमचा गुडघा कसा आहे?” तिकडूनही कुणी काही विचारलेलं नसायचं. अशी ती वर्षानुवर्षं दोघांमध्ये चेंडू टाकत राहिली. आणि एका सकाळी अंथरुणातून उठलीच नाही.

मुलगा आला. सगळं आटपलं, माणसं पांगली, तेव्हा दोघे कपड्यांच्या गठ्ठ्यांमध्ये बसले. मुलगा म्हणाला, “त्या दिवशी थ्रो आम्हाला का दिलात? माझी कीव आली म्हणून?”

“कीव कसली! चेंडू आधी बाहेर गेला, ठोसा नंतर. चेंडू खेळात असता तर फ्री किक त्यांची होती. तू खेळ थांबल्यावर मारलंस, म्हणून शिक्षा तुझ्या एकट्याची. खेळ जिथे थांबला तिथूनच सुरू करायचा.”

“तो काय म्हणाला, ते कधी विचारलं नाहीत.”

“काय म्हणाला?”

“म्हणाला, तुझा बाप पैसे खाऊन आलाय.”

इस्त्रीवाला हातातल्या शर्टाची कॉलर सरळ करत राहिला. ती सरळच होती.

“तुझ्या आईला माहीत होतं?”

“होतं. म्हणाली, सांगू नकोस. कळलं तर ते शिट्टी टाकून देतील.”

“तरी लाल कार्डच दिलं असतं,” इस्त्रीवाला म्हणाला.

“माहितीय,” मुलगा म्हणाला आणि बॅग उचलून निघाला.

पुढच्या सुट्टीच्या संध्याकाळी फळीवरचा बायकोचा फोन वाजला. तो रोज चार्ज करून का ठेवला होता, ते त्याचं त्यालाच ठाऊक. उचलला. आता मध्ये चेंडू टाकणारी नव्हती.

“जेवलास का?” शेवटी त्याने विचारलं.

“हे आई विचारायची.”

“ती माझ्या नावावर खपवायची. आज मी विचारतोय.”

मग मुलगा म्हणाला, “बाबा, इस्त्री उचलून ठेवलीत का?”

ठेवली नव्हती. गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या शर्टाच्या पाठीवर तपकिरी ठसा उमटला होता, उभ्या आयुष्यातला पहिला. “अगं, बघ काय झालं,” म्हणत इस्त्रीवाला आतल्या खोलीकडे वळला, आणि फोन कानाला तसाच धरून दारात उभा राहिला.