मोठ्याबाबांच्या नावाचं निमंत्रण

पोस्टमन पाकीट घेऊन आला तेव्हा मोठी आई अंगणात तूर पाखडत होती. मी वर्ध्याच्या शाळेत शिकवत असे. सुट्टीत हिंगणीला आले होते, म्हणून वाचायचं काम माझ्याकडे आलं. पाकिटावर अशोकस्तंभ होता आणि खाली मोठ्याबाबांचं नाव. मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, मोठ्या आईचे यजमान. बेचाळीसच्या आंदोलनात ते पकडले गेले आणि पुढच्या वर्षी तुरुंगातच वारले. मी त्यांना पाहिलेलंही नाही. हे पत्र आलं तेव्हा सत्तरीचं दशक संपत आलं होतं.

आत दुसऱ्या एका राज्याच्या नव्या राज्यपालांच्या शपथविधीचं निमंत्रण होतं. खाली हातानं लिहिलं होतं, ‘तुमच्या कडब्याच्या गंजीमागे लपलेला पाहुणा मीच. भाभींना घेऊन जरूर या.’

मोठ्या आईनं सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, “म्हणजे त्याईले मालूमच नाई.”

पाहुण्याची गोष्ट घरात सगळ्यांना ठाऊक होती. पोलीस मागावर असलेला परप्रांतातला एक तरुण मोठ्याबाबांनी गोठ्यामागच्या गंजीआड लपवला होता. मोठी आई त्याला भाकर नेऊन देई. एका पहाटे मोठ्याबाबांनी त्याला बोरच्या जंगलातून पुढे पोचवलं, आणि ते परतले तेव्हा दारात पोलीस उभे होते. तो कुठं गेला, एवढंच त्यांना हवं होतं. मोठ्याबाबांनी ते शेवटपर्यंत सांगितलं नाही. त्यांचं प्रेतसुद्धा घरी आलं नाही.

“आपण पत्र टाकू ना, वहिनी,” माझे वडील म्हणाले. “एवढ्या दूर काऊन जाता?”

“पत्रानं नाई. मी माह्या तोंडानं सांगतो.”

मग मीच तिला घेऊन गेले. राजभवनाच्या फाटकावर शिपायानं निमंत्रण पाहिलं आणि हे गृहस्थ कुठं आहेत म्हणून विचारलं. मोठी आई म्हणाली, “मी त्याईची बायको आहो.” त्यानं आम्हाला आत सोडलं.

दरबार हॉलमध्ये आम्हाला मागच्या रांगेत जागा मिळाली. न्यायमूर्ती एकेक वाक्य सांगत होते आणि नवे राज्यपाल ते म्हणत होते. मोठी आई माझ्या कानाशी येऊन म्हणाली, “केस पुरे पिकले त्याचे.” राष्ट्रगीताला ती ताठ उभी राहिली. तिचा हात मात्र माझ्या मनगटावर घट्ट होता.

नंतर हिरवळीवर चहा होता. राज्यपाल पाहुण्यांना भेटत भेटत आमच्यापर्यंत आले, थबकले आणि एकदम वाकून तिच्या पाया पडले.

“भाभी! आणि भैया? भैया कुठं आहेत?” ते मोडक्या मराठीत म्हणाले.

“ते नाई राह्यले, भाऊ.”

“कधी?”

“तुमी गेले त्याच दिवशी पकडलं त्याईले. दुसऱ्या साली जेलातच वारले.”

ते हळूच म्हणाले, “माझ्यामुळे?”

“तुमचा पत्ता विचारत होते. त्याईनं नाई सांगतला.”

ते शेजारच्या खुर्चीवर बसले. एक अधिकारी येऊन अदबीनं काही कुजबुजला, त्याला त्यांनी हातानंच थांबवलं. “मला कुणी कळवलं नाही,” ते म्हणाले.

“कोणाले कळवणार होतो? तुमचं खरं नाव कोणाले मालूम होतं?”

“पण मला तर भैयांचं नाव माहीत होतं. गावही माहीत होतं. मीच यायला हवं होतं.”

मला वाटलं, मोठी आई ‘जाऊ द्या’ म्हणेल. ती म्हणाली नाही. त्यांचे डोळे भरून आले तशी ती त्यांच्या शेजारी बसली. मग म्हणाली, “जा आता. लोकं थांबून राह्यले तुमच्यासाठी.”

परतीच्या गाडीत न राहवून मी विचारलं, “आजच्याच दिवशी सांगायचं होतं का गं?”

“आजच,” ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. “एवढी मोठी जागा भेटली त्याले. कोणाच्या जिवावर भेटली, थे आजच समजाले पायजे होतं.” मग तिनं डबा उघडून माझ्या हातावर भाकर ठेवली आणि स्वतःही खाल्ली. जाताना तिनं वाटेत पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं.

पुढच्या हिवाळ्यात राज्यपाल हिंगणीला आले. अधिकाऱ्यांनी भाषणाची तयारी केली होती, पण ते बोलले नाहीत. मांडलेली खुर्ची सोडून ओट्यावर मोठ्या आईजवळ बसले आणि दोघं बराच वेळ मोठ्याबाबांबद्दल बोलत राहिले. मी आत चहा करता करता ऐकत होते. पोलिसांच्या भीतीनं पाहुण्याला झोप लागेना, तेव्हा मोठेबाबा त्याच्याजवळ बसून अगदी हळू आवाजात भजनं म्हणत, हे मला त्या दिवशी कळलं. मोठ्या आईनं ते कधीच सांगितलं नव्हतं.