लुवेनिया दोरीत शिरली

पश्चिम फिलाडेल्फियातल्या त्या गल्लीत मुलींना दोरीवरच्या उड्यांची हुक्की आली की कोणीतरी हमखास ओरडायचं, "अगं, व्हीनीला बोलवा आधी!" दोन दोऱ्या एकाच वेळी फिरवायच्या, एक खाली आली की दुसरी वर, म्हणजे काही खायचं काम नाही. त्याला हाताला ताल लागतो, आणि व्हीनीसारखा, म्हणजे लुवेनियासारखा, ताल अख्ख्या गल्लीत कोणाच्या हाताला नव्हता. कपडे वाळत घालायच्या दोऱ्या घेऊन ती फुटपाथशी उभी राहिली की डांबरावर टक्-टक्-टक्-टक् सुरू व्हायचं, आणि मग समोरच्या घरातली रोशेल पदर खोचल्यासारखी वेणी मागे टाकून आत शिरायची.

रोशेल म्हणजे लुवेनियाची जिवाभावाची मैत्रीण. काटकुळी, तोंडाळ, आणि पायांत जणू वारं भरलेलं. ती दोऱ्यांच्या आत गिरक्या घ्यायची, वाकून जमिनीला हात लावायची, वर पुन्हा गाणंही म्हणायची. लुवेनिया दोरी फिरवता फिरवता तिच्याकडे बघत राहायची.

ती स्वतः मात्र कधी आत गेली नाही. नाही म्हणायला एकदा, अगदी लहान असताना, गेली होती. दोरी घोट्यात अडकली, ती तोंडावर आपटली आणि ओठ फुटला. दारातल्या पायऱ्यांवर बसलेली तिची आई ओडेसा ताडकन उठली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "पुरे झालं, व्हीनी! तू आपली दोरी धर. ज्याचं काम त्यानं करावं." मुली फिदीफिदी हसल्या. त्या दिवसापासून लुवेनियानं मनाशी पक्कं धरलं, आपले पाय जड आहेत.

अशी एखादी गोष्ट मनात बसली की ती माणसाबरोबर मोठी होत जाते. शाळेच्या नाचाला लुवेनिया सरबताच्या टेबलामागे उभी. मैत्रिणींच्या लग्नात ती सगळ्यांच्या पर्सा सांभाळायला. स्वतःच्या लग्नातसुद्धा क्लिफ्टनबरोबर एका संथ गाण्यावर जागच्या जागी डुलली तेवढंच. क्लिफ्टन बिचारा नाचायला हौशी होता. पण बायको आवडली होती, त्यामुळे डुलण्यावर त्यानं समाधान मानलं. पुढे ती शहरात ट्राम चालवायला लागली. सगळ्या मार्गावरची म्हातारी माणसं तिला नावानं ओळखायची, कारण ती कधी गचका देऊन गाडी थांबवायची नाही. डॅनेल नावाची एक मुलगी झाली, शिकली, बाल्टिमोरला नोकरीला लागली. लुवेनियाचे वडील गेल्यावर ओडेसा तिच्याकडेच राहायला आली. एकूण संसार छान चालला होता. कशाची उणीव आहे असं तिला कोणी विचारलं असतं, तर तिला सांगता आलं नसतं.

तिनं पन्नाशी ओलांडली, आणि एका वसंतात रोशेल परत आली.

लग्न करून ती अटलांटाला गेली होती, त्याला तीस वर्षं होऊन गेली. आता नवरा वेगळा झाला होता आणि आईचं घर रिकामं पडलं होतं. सामान उतरवून होतंय न होतंय तोच ती रस्ता ओलांडून लुवेनियाच्या दारात हजर झाली.

"व्हीनी! अगं ए! चहा नको, पाणी नको, शनिवारी सकाळी काय करतेस ते सांग."

"कपडे धुते," लुवेनिया म्हणाली. "तीस वर्षांनी भेटतेयस, नीट मिठी तरी मार."

"मारते की. पण कपडे रविवारी धू. अटलांटात आम्ही पन्नाशीतल्या बायका जमून उड्या मारायचो. तसंच इथं करायचंय. चर्चच्या मागची जागा मागितलीय मी पाळकांकडे."

"या वयात? गुडघे काय म्हणतील?"

"गुडघे रोज काहीतरी म्हणतातच. ऐकतंय कोण?"

पहिल्या शनिवारी चर्चच्या मागे पाच-सहा बायका जमल्या. कोणी नर्स, कोणी शाळेत स्वयंपाक करणारी, कोणी नातवंडं सांभाळून वैतागलेली. शुक्रवारीच पार्लरमध्ये जाऊन केस बसवून आलेल्या, ते विस्कटू नयेत म्हणून सगळ्यांच्या डोक्याला साटीनचे रुमाल. लुवेनियानं दोऱ्या हातात घेतल्या मात्र, टक्-टक्-टक्-टक् सुरू झालं, आणि त्या बायकांच्या तोंडून असा काही चीत्कार निघाला की समोरच्या न्हाव्याच्या दुकानातली माणसं साबण लावलेल्या तोंडानं बाहेर आली. रोशेल आत शिरली. पहिल्यासारखी वाकून जमिनीला हात नाही लावला तिनं, पण गिरकी मात्र घेतली.

हसून हसून सगळ्यांच्या डोळ्यांना पाणी आलं. मग रोशेल धापा टाकत म्हणाली, "चल, आता तू."

"मी नाही बाई. माझे पाय जड आहेत, माहीत आहे ना तुला."

"कोणी सांगितलं?"

"कोणी कशाला सांगायला हवं? आहेत."

रोशेल कमरेवर हात ठेवून तिच्याकडे बघत राहिली. "जिच्या हाताला एवढा ताल आहे, तिच्या पायाला तो ठाऊक नाही? हात आणि पाय काय वेगवेगळ्या बायांचे आहेत का तुझे?"

बायका हसल्या. लुवेनियाही हसली, पण आत गेली नाही.

त्या दुपारी ती आणि ओडेसा स्वयंपाकघरात घेवड्याच्या शेंगा मोडत बसल्या होत्या. बाजूला क्लिफ्टन माशांना मसाला लावत होता. लुवेनियानं सकाळची गंमत सांगितली, रोशेलची नक्कलही केली. क्लिफ्टन हसला. ओडेसा हसली नाही. तिनं हातातली शेंग तशीच खाली ठेवली.

"तुझे पाय जड नव्हते," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"तुझ्या हृदयाला भोक होतं. बारीकसं. डॉक्टर म्हणाले होते, फार धावू देऊ नका, मोठी होता होता आपोआप बुजेल." ओडेसा शेंगांकडेच बघत बोलत होती. "साउथ कॅरोलायनाला आमचा एझ्रा होता, माझ्या पाठचा. खेळता खेळता पडला, ओठ निळे झाले, उठलाच नाही. तू त्या दिवशी दोरीत पडलीस आणि तुझ्या ओठाला रक्त आलं. मला रक्त दिसलंच नाही, मला एझ्रा दिसला. तुला घरात कोंडून ठेवलं असतं तर तू रडून मेली असतीस. म्हटलं, हातात दोरी तरी राहू दे. मैत्रिणींत तरी राहशील."

लुवेनियानं विचारलं, "मग बुजलं का ते भोक?"

"बुजलं की. हायस्कुलात गेलीस तेव्हाच डॉक्टरांनी सांगितलं."

"आणि तू मला सांगितलं नाहीस? ममा, मी जन्मभर—"

"तोवर तू मागायचंच सोडलं होतंस, बाळा. मला वाटलं, तुला नकोच आहे."

लुवेनिया उठली आणि अंगणात निघून गेली. पुढचे काही दिवस ती आईशी कामापुरतंच बोलली. राग नेमका कोणावर काढायचा हेच तिला उमगेना. आईवर काढावा तर आईनं जीव जपला होता. स्वतःवर काढावा तर आपलं काय चुकलं ते सापडत नव्हतं. ट्राम चालवतानाही तिच्या डोक्यात तेच घोळायचं. एकदा तर चक्क गचका देऊन गाडी थांबली, आणि मागून एक ओळखीची आजीबाई म्हणाली, "आज तब्येत बरी नाही वाटतं, लेकी?"

एका संध्याकाळी क्लिफ्टन तिच्याशेजारी पायरीवर येऊन बसला. "तुझ्या आईवर रागाव, मी मध्ये पडत नाही. पण एक सांग. लग्नात माझ्याबरोबर नाचली नाहीस, त्याचा दोष आता सासूवर टाकायला तुझी हरकत नाही ना?"

लुवेनियाला हसू आवरेना. हसता हसता रडू आलं, आणि क्लिफ्टन तिचा खांदा थोपटत बसला. आतून ओडेसानं हाक मारली, "जेवण गार होतंय हो!" लुवेनियानं कितीतरी दिवसांनी नीट उत्तर दिलं, "आले, ममा."

दुसऱ्या दिवशी ती आधी डॉक्टरकडे गेली. त्यांनी तपासण्या केल्या आणि म्हणाले, हृदय घोड्यासारखं आहे, गुडघे मात्र सांभाळा. त्या शनिवारी ती सगळ्यांच्या आधी चर्चच्या मागे पोचली.

आत शिरणं हीच खरी मेख असते. उडी मारणं त्या मानानं सोपं. लुवेनिया दोऱ्यांशेजारी उभी राहून पुढे-मागे डुलायची, आता जाते, आता जाते, आणि पाऊल उचलायचंच नाही. गेली तर दोरी कानशिलात बसायची. गुडघे सोलवटले, चष्म्याची काडी तुटली, पोटऱ्या इतक्या दुखायच्या की सोमवारी ट्राममध्ये चढताना ती "आई गं" म्हणायची. रोशेल दोरी फिरवता फिरवता बडबडायची, "डोळ्यांनी बघू नकोस, कानांनी ऐक! तूच तर आम्हाला शिकवलंस गं हे!" जून गेला, जुलै गेला. कधीतरी तीन उड्या झाल्या, कधीतरी एकही नाही. पण सकाळी आरशासमोर डोक्याला रुमाल बांधताना ती आता गुणगुणायला लागली होती, हे क्लिफ्टनच्या लक्षात आलं होतं.

ऑगस्टात गल्लीचा वार्षिक मेळा असतो. दोन्ही टोकांना रस्ता बंद करतात, दारोदार शेगड्या पेटतात, स्पीकर बाहेर येतात. क्लिफ्टनच्या माशांपुढे रांग लागली होती. डॅनेल बाल्टिमोरहून आली होती. ओडेसा लव्हेंडर रंगाची टोपी घालून खुर्चीत बसली होती आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाच्या पोरांची चौकशी करत होती.

दोऱ्या निघाल्या. आधी पोरी खेळल्या, मग रोशेल, मग नर्सबाई. मग लुवेनियानं हातातली बशी डॅनेलकडे दिली.

"धर जरा."

"का गं? कुठे निघालीस?" डॅनेलनं विचारलं, आणि आई दोऱ्यांच्या दिशेनं जाताना पाहून तिचे डोळे विस्फारले. "ममा! अगं, तू?"

गल्ली गाऊ लागली, लहानपणचंच गाणं:

*गाडी आली, घंटी झाली,*
*काकू धावत खाली आली,*
*हात धरू का वाट धरू,*
*सांग काकू, काय करू!*

पहिल्या खेपेला दोरी खांद्यावर बसली. "असू दे, असू दे!" बायका ओरडल्या. लुवेनियानं चष्मा काढून खिशात टाकला आणि डोळे मिटून घेतले. टक्-टक्-टक्-टक्. आणि ती आत होती.

आत वेगळाच वारा असतो. दोन्ही बाजूंनी दोरी सपसप जाते, मध्ये आपल्यापुरती जागा, आणि पाय आपले आपण उचलले जातात. लुवेनिया उड्या मारत होती, तोंड उघडं, आवाज नाही. अख्खी गल्ली टाळ्या वाजवत होती.

ओडेसानं टोपी डोळ्यांवर ओढून घेतली होती. "झालं का? पडली का गं?"

"नाही, आजी," डॅनेल म्हणाली. "अजून चालूच आहे."

"आता?"

"अजून. आजी, बघ तरी!"

ओडेसानं टोपी जरा वर केली. मग काठी टेकत उठून उभी राहिली. लुवेनिया दोरीतून बाहेर पडून धापा टाकत तिच्यापाशी आली तेव्हा म्हातारीनं तिची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला आणि ओठ नीट निरखले. "गुलाबी आहेत," ती म्हणाली, आणि मग लेकीला दोन्ही हातांनी कवटाळून रडली. लुवेनियानं तिची टोपी सावरली. "पुरे आता, ममा. लोक म्हणतील, मासे तिखट झालेत."

स्पीकरवर नाचाचं गाणं लागलं. रांगेत उभं राहून सगळ्यांनी एकदम पावलं टाकायची असतात तसलं. क्लिफ्टननं चिमटा शेगडीवर ठेवला, ॲप्रनला हात पुसले आणि बायकोपुढे हात केला. मासे थोडे करपले. कोणी तक्रार केली नाही.

त्यानंतर डॅनेल महिन्यातून एक-दोनदा तरी शनिवारी यायला लागली. थंडी पडल्यावर उड्या चर्चच्या तळघरात सुरू झाल्या. डॅनेलला उड्या छान येतात, पण दोरी फिरवायला दिली की तिचा डावा हात उजव्याशी भांडतो. परवाही तसंच झालं. रोशेल तिच्या दोरीत पाय अडकून खुर्च्यांवर कोसळली आणि उठता उठता ओरडली, "व्हीनी, ही पोरगी तुझीच आहे ना नक्की? की दवाखान्यात बदलली?"

"बापावर गेलीय," लुवेनिया म्हणाली, आणि लेकीच्या मागे उभी राहून तिची दोन्ही मनगटं हलकेच हातात धरली. "अशी नाही, बाळा. आधी ऐक."