लेखकाचं नाव नसलेलं पुस्तक

समस्त जनतेस अत्यंत जड अंतःकरणाने कळवण्यात येते की, आमच्या सहावीच्या वर्गात ‘छान’ या शब्दावर बंदी घालण्यात आली आहे. ‘बोध मिळाला’ हेही त्याच दिवशी हद्दपार झाले.

ही वेळ मुलांनीच आणली. मी वर्गात वाचनवही सुरू केली होती. वर्गातल्या पुस्तकांच्या पेटीतलं पुस्तक घरी न्यायचं, वाचायचं आणि काय वाटलं ते वहीत लिहायचं. सगळ्यांना सगळंच छान वाटू लागलं. एकाने तर दुसऱ्याच्या घरी असलेलं पुस्तकही छान असल्याचं लिहून दिलं. मग मी डस्टर आपटून, मंडईच्या, म्हणजे आमच्या गावजत्रेच्या, नाटकात राजासाठी राखून ठेवलेल्या आवाजात फर्मान सोडलं, “खरं ते लिहा! लेखक काही तुमच्या घरी भांडायला येत नाही!”

वह्या एकदम जिवंत झाल्या. ‘चित्रं चांगली आहेत, पण मधे मधे गोष्ट येते,’ असं एकाने लिहिलं. सगळ्यात कडक वही पहिल्या बाकावरच्या एका मुलीची. ती प्रश्न विचारते आणि उत्तर येईपर्यंत डोळे हलवत नाही.

आता माझी भानगड सांगतो. मी सारसांच्या जोडीवर एक गोष्ट लिहिली होती. बायकोने कौतुक केलं, शाळेतल्या मास्तरांनी माझा चहा पिऊन कौतुक केलं, म्हणजे मला काहीच कळलं नाही. मला मत हवं होतं ते या वर्गाचं. म्हणून गोंदियाला जाऊन एकच प्रत छापून घेतली.

दुकानदार म्हणाला, “सरजी, राइटर का नाम तो रह गया.”

मी इकडेतिकडे पाहून पुटपुटलो, “रहने दो.”

काहीतरी सरकारी गुपित असावं, अशा समजुतीने त्यानेही आवाज खाली घेतला.

पुस्तक हळूच पेटीत सरकवलं. नेमकं त्या पहिल्या बाकावरच्या मुलीनेच उचललं! वही परत येईपर्यंत माझं जेवणात लक्ष नव्हतं. बायको म्हणाली, “परीक्षा पोरांची आहे का तुमची?”

अखेर वर्गात ती मुलगी वही घेऊन उभी राहिली आणि वाचू लागली. ‘यातला सारस उठतो आणि उपदेश करतो. खातो आणि उपदेश करतो. आमच्या शेतातल्या धानाच्या बांधीतला सारस बेडूक गिळतो आणि गप्प राहतो. पिल्लू हरवतं ते पान मी पुन्हा वाचलं. सापडल्यावर परत उपदेश आहे, ते पान सोडलं.’

वर्ग खिदळला. मी म्हणालो, “अगं, बाप आहे तो! समजावणार नाही?”

“हरवलेलं पिल्लू सापडलं जी. बाप आधी रडन का भाषन देईन?”

“लेखकाचा काही विचार असेल.”

“त मंग सोताजवळ ठेवाचा. पिल्लाले कायले तरास?”

“पण भाषा बघ ना, किती छा...”

“सर छान म्हनून राहिले!” मागून आरोळी आली.

तिने डोळे बारीक केले. “तुमाले एवढं काऊन लागून राहिलं, सर? वळखीचा हाये का तो?”

आता राजाचा आवाजही कामाचा नव्हता. मी हात जोडले. “मीच तो.”

तिचा चेहरा उतरला. मला धडकीच भरली. आता ही माफी मागणार आणि उद्यापासून सगळ्या वह्यांत पुन्हा सगळं छान होणार! तेवढ्यात तिने वही बाकावर आपटली.

“तुमी होय जी! बाहेरचा मानूस समजून मी त अर्धंच लिवलं होतं!”