चिमणी काढायला आलोय!

बंद पडलेल्या गिरण्यांचे फोटो काढायला गेलं की फोटो कमी आणि किस्सेच जास्त गोळा होतात. आमचं त्रिकूट आहे. मी, जळगावच्या बँकेतली कॅशियर, धुळ्याचे दिलीपभाऊ, जन्मभर लग्नांचे फोटोग्राफर, आणि सिंधूअक्का. धुळ्याच्या एका जिनिंगमध्ये कापसातून सरकी काढणाऱ्या यंत्रावर, म्हणजे रेच्यावर, अक्कांनी वीस वर्षं काम केलं. रेचा नंबर सात. पण कामावरचा त्यांचा एकही फोटो नाही, आणि ती जिन आता पाडायची ठरलेली. अक्कांचं एकच पालुपद, "बठ्ठा गिरण्यास्ना फोटू काढा, पन मन्हा सात नंबर राही जावाले नको!"

*

शिरपूरकडे एका तेलाच्या मिलवर वॉचमन नानांनी गेटवरच अडवलं.

"काय कराले उनात?"

"चिमणी काढायला!" मी ऐटीत सांगितलं.

नानांनी आधी आकाशात गेलेली चिमणी पाहिली, मग आम्हाला. "एवढी मोठी चिमनी तुम्ही तीन जनं काढशात?"

"अहो, फोटो काढायचाय, नाना!"

"मंग तशे सांगा ना! मी तुमना मांगे क्रेन देखी ऱ्हायनू!"

*

दिलीपभाऊंची सवय काही जात नाही. त्याच मिलच्या बॉयलरपुढे ट्रायपॉड लावून म्हणाले, "मान थोडी वर... जरा हसा!"

लॅबवालाही त्यांचाच. अल्बम आला, तर कव्हरवर गुलाबी अक्षरांत 'शुभविवाह'! आत चिमणी, बॉयलर आणि गंजका वजनकाटा.

आणि नेमका तोच अल्बम घेऊन आम्हाला जळगावात मेहरूणला जावं लागलं. अक्कांच्या जिनचे मालक शेठ तिथे राहतात, आणि परवानगी त्यांचीच हवी होती. म्हाताऱ्या शेठनी सगळी पानं उलटली आणि गंभीरपणे विचारलं, "यात नवरी कुठंय?"

दिलीपभाऊ म्हणाले, "ती तुमच्याच जिनमध्ये आहे, शेठ. सात नंबर!"

शेठ डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. जागेवरच चिठ्ठी लिहून दिली. सोमवारी सकाळी नऊपर्यंत काय ते उरका, नंतर पाडणारे येतील.

*

जिनमध्ये रेच्यांचा एवढा आवाज की बायका हातांनीच बोलायच्या. अंगठा ओठाला लावला, पाणी दे. कान चिमटीत धरला, मुकादम आला. दोन मुठींची डोक्यावर फुली केली, मशीन बंद कर. अक्कांनी हे सगळं आम्हाला शिकवलं.

दिलीपभाऊंच्या पुतण्याच्या लग्नात डीजे असा दणाणत होता की शेजारचं बोलणं कळेना. मी मजेत जेवत होते, तेवढ्यात मांडवाच्या दुसऱ्या टोकाला अक्कांनी कान पकडला. मी वळून पाहिलं, तर आमचे मॅनेजर! आजारी म्हणून रजा मी त्यांच्याकडूनच घेतली होती. मठ्ठ्याच्या पिंपामागे बसून नोकरी वाचवली.

*

सोमवारी आम्ही आठलाच धुळ्यात जिनवर हजर. पण जेसीबी आमच्याआधी पोचलेला! ठेकेदार पाठ करून फोनवर, आणि जेसीबीचे दात अक्कांच्या शेडच्या भिंतीला टेकलेले. आम्ही ओरडलो, शेठची चिठ्ठी नाचवली. इंजिनच्या आवाजात कोण ऐकतंय! विटा पडायला लागल्या. मला तर रडूच फुटलं. एवढं करून सात नंबर गेला, असंच वाटलं.

अक्का मात्र पदर खोचून पुढे गेल्या. ड्रायव्हरला दिसेल अशा उभ्या राहिल्या आणि दोन्ही मुठींची डोक्यावर फुली केली.

इंजिन बंद!

ड्रायव्हर खाली उतरला. काही न विचारता अक्कांच्या मागोमाग शेडमध्ये आला आणि आपल्या रुमालाने सात नंबरवरची धूळ पुसली. अक्कांनी रेच्यावर हात ठेवला. दिलीपभाऊ 'हसा' म्हणायचं विसरले, पण अक्का हसल्या. मनासारखा फोटो मिळाला!

तोवर ठेकेदार तणतणत आला. "काम थांबवायला कोण बोललं रे तुला?"

"अक्का बोलन्यात, साहेब."

"मग मला कसं ऐकू नाही आलं?"

ड्रायव्हर रुमाल झटकत म्हणाला, "तुमनी माय जिनमा नव्हती ना!"