भजन असं लिहिलेली कॅसेट

संशय आमच्या घरात वारशाने येतो. बाबा दुकानातून आणलेली साखर घरी येऊन पुन्हा तोलायचे. मी तहसीलमध्ये नोकरीला लागले तेव्हापासून मूळ प्रत डोळ्यांनी पाहिल्याशिवाय एकही झेरॉक्स पुढे सरकवलेली नाही. तेव्हा बाबांच्या कॅसेट ज्या माणसाने मागितल्या, त्याच्याकडे मी कोणत्या नजरेने पाहिलं असेल ते सांगायला नको.

हा माणूस म्हणजे बाबांचे शाळेतले सहकारी. दोघेही चिखलीत गणित शिकवायचे, आणि मी त्यांना सर म्हणते. मी लहान असताना बाबांनी घरी वापरायचा एक कॉम्प्युटर घेतला होता. दिसायला नुसता कीबोर्ड. तो टीव्हीला जोडायचा आणि लिहिलेला प्रोग्राम साध्या टेपरेकॉर्डरने कॅसेटवर साठवायचा. ती कॅसेट गाण्यासारखी वाजवली तर कान किटतील अशी किंचाळी ऐकू यायची. त्या यंत्राला मराठी येत नव्हतं. बाबांनी चौकटींच्या कागदावर एकेक चौकट काळी करत अक्षरं आखली आणि ती टीव्हीच्या पडद्यावर आणली. शाळेने तो प्रोग्राम बुलढाण्याला प्रदर्शनात पाठवायचं ठरवलं. तेव्हा सर स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर म्हणाले की हे यांचं काम नाही, पुण्याहून कुणाकडून तरी उतरवून आणलंय.

बाबांनी वाद घातला नाही. प्रोग्राम मागे घेतला आणि कॉम्प्युटर पोत्यात बांधून माळ्यावर टाकला. त्या दिवसापासून सरांच्या घरचा चहा आम्ही घेतला नाही आणि आमच्या घरचा त्यांना दिला नाही. रस्त्यात भेटले तर नमस्कार व्हायचा, तेवढाच.

पोत्यातल्या वायरी उंदरांनी खाल्ल्या आणि यंत्र भंगारात गेलं. कॅसेट तेवढ्या उरल्या. यंदा बाबा आजारातून उठले ते निम्मेच उठले. नजर तर दिवसेंदिवस विझत चालली आहे. एका सकाळी खाटेवरून त्यांनी मला विचारलं, "बाई, ते अक्षरं निघतीन काय कॅसेटीतून?" एवढ्या वर्षांत त्यांनी त्या प्रोग्रामचं नाव काढलं नव्हतं. त्यांना दिसतंय तोवर ती अक्षरं त्यांच्यासमोर आणायचीच, असं मी ठरवलं.

एसटी स्टँडजवळच्या कॉम्प्युटरच्या दुकानात विचारलं. दुकानदाराने कॅसेट उलटसुलट करून पाहिली आणि गाणी पेनड्राइव्हवर भरून देतो म्हणाला. चिखली ती केवढी, बातमी फिरायला वेळ लागला नाही. संध्याकाळी सरांचाच फोन आला. निवृत्तीनंतर त्यांना जुन्या यंत्रांचा नाद लागलाय, टेपरेकॉर्डर चालू आहे, ती किंचाळी लॅपटॉपमध्ये घेतली की तिच्यापासून पुन्हा प्रोग्रामची फाइल करता येते, असं त्यांनी सांगितलं. कॅसेट पाठवून दे म्हणाले.

पाठवून दे म्हणे. ज्यांनी चोर ठरवलं त्यांच्याच हातात मुद्देमाल द्यायचा, आणि एक चुकीचं बटण दाबलं गेलं की सगळं साफ. रात्रभर या विचाराने मला झोप लागली नाही. पण दुसरा माणूस कुठून आणायचा? रविवारी 'प्रोग्राम' असं लिहिलेल्या दोन कॅसेट पर्समध्ये टाकल्या आणि स्वतःच गेले.

सरांनी चहाचं विचारलं. आत्ताच घेऊन आले, असं मी म्हटलं. त्यांनी आग्रह केला नाही, कारण त्यांच्याकडचा चहा आम्ही घेत नाही हे त्यांनाही ठाऊक होतं. मी खुर्ची टेपरेकॉर्डरला खेटून ओढली आणि आधी रेकॉर्डचं बटण कोणतं ते विचारून घेतलं. मग ते कुणी दाबू नये म्हणून त्यावर हात आडवा धरूनच बसले. सरांनी टेपमधला रबराचा रोलर कापसाने पुसला, वायरचं एक टोक टेपला आणि दुसरं लॅपटॉपला लावलं, आणि पहिली कॅसेट चालू केली.

टाळ-मृदंग वाजायला लागले. दुसऱ्या कॅसेटमध्येही भजनच. सरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, ही बाई आपल्याला बनवायला आली आहे अशा नजरेने. मी मघाशी क्षणभर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं होतं, तेवढ्यात यांनी कॅसेट बदलली असेल काय, हे माझ्या मनात.

मग एकदम आठवलं. त्या काळी घरात कॅसेट दिसली की येणारा-जाणारा तिच्यावर सिनेमाची गाणी भरून घ्यायचा. भजन पुसायची मात्र कुणाची हिंमत नव्हती. म्हणून बाबांनी प्रोग्रामच्या कॅसेटवर 'भजन' लिहिलं होतं आणि भजनाच्या कॅसेटवर 'प्रोग्राम'. एका वर्षी गल्लीतल्या सप्ताहासाठी कुणीतरी आईकडून 'भजन' लिहिलेली कॅसेट मागून नेली होती. लाउडस्पीकरवर ती लावल्याबरोबर अशी किंचाळी उठली की मशीन जळालं समजून लोक पळाले. ती कॅसेट नंतर परत आली आणि देव्हाऱ्याखालच्या खणात गेली.

मी घरी जाऊन ती घेऊन आले. जाताना त्या दोन्ही कॅसेटही सोबत नेल्या, हे सांगायला नकोच.

'भजन' असं लिहिलेली कॅसेट चालू केली तर किंचाळीच्या आधी बाबांचा आवाज आला. कॅसेटवर कुठे काय आहे ते कळावं म्हणून ते वायर काढून टेपच्या माइकमध्ये प्रोग्रामचं नाव बोलायचे आणि मग वायर पुन्हा लावून प्रोग्राम भरायचे. ही सवय मी पार विसरले होते. आवाज तरुण होता, माझ्या आत्ताच्या वयापेक्षाही तरुण. "अक्षरं. पहिला प्रयत्न." मग किंचाळी. ती संपली आणि पुन्हा आवाज आला, "अक्षरं. दुसरा. क काही जमून नाही राह्यला." तेवढ्यात मागून एक बारीक आवाज म्हणाला, "बाबा, हा क नाही, हा तं चष्मा हाये."

तो माझा आवाज होता.

बाबा हसल्याचं ऐकू आलं आणि किंचाळीने ते हसू कापलं. प्रयत्नांमागून प्रयत्न येत गेले. कधी मात्रा सुटलेली, कधी म चा भ झालेला, आणि प्रत्येक वेळी मागून माझा शेरा. शेवटी बाबा म्हणाले, "आला क. पोरगी म्हणते हाव, हा कच हाये." मला रडू आलं, आणि ते या माणसासमोर आलं याचा रागही आला.

सरांनी टेपच्या हेडजवळचा बारीक स्क्रू फिरवून, आवाज कमी-जास्त करून एकेका किंचाळीची फाइल केली. काही फाइली पहिल्यांदा अर्ध्यावरच अडकल्या. मग लॅपटॉपवर जुन्या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्राम उघडून त्यांनी त्या फाइली क्रमाने चालवल्या. मी प्रत्येक अक्षर कॅसेटवरच्या बोलण्याशी ताडून पाहिलं. दुसऱ्या प्रयत्नातला क खरंच चष्म्यासारखा होता. शेवटचा क उभा, नीट, काळ्या पडद्यावर पांढरा.

मी विचारलं, "सर, तुम्ही हे काऊन करून राह्यले?"

त्यांनी लॅपटॉपवरची नजर हलवली नाही. "मलेबी पाहाचं होतं, मी तेव्हा खरा होतो का खोटा. रोज वाटे, पुराव्याबिगर बोललो." मग पडद्यावरच्या अक्षराकडे बोट करून म्हणाले, "उतरवून आणणाऱ्याचा क पहिल्याच दिवशी नीट येते, बाई. चष्मा नाही येत."

संध्याकाळी ते लॅपटॉप घेऊन आमच्याकडे आले. मी तो बाबांच्या डोळ्यांजवळ धरला. बाबांनी पडद्यावरच्या क वरून बोट फिरवलं, वरून खाली, गोलाईवरून, शेपटीपर्यंत. सर दारातच उभे होते. स्टाफरूममधले अर्धे लोक आता राहिले नाहीत. जे आहेत त्यांना घरोघर जाऊन काम यांचंच होतं असं सांगेन, असं ते म्हणाले. मग खाली मान घालून बाबांना म्हणाले, "चुकलो मी, सर."

बाबांनी त्यांच्याकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे वळून विचारलं, "कॅसेट कुठी हाये?"

"माह्या पर्समधी."

"आपलीच नं? बदलली तं नाही?"

"नाही, बाबा. निघताना लावून ऐकली."

बाबांनी लॅपटॉप छातीशी ओढून घेतला. "मंग चहा ठेव," ते म्हणाले. "सराइलेबी."

मी आत जाऊन गॅस पेटवला. बाहेर खुर्ची ओढल्याचा आवाज आला आणि सर बसले.