लिंबापाशी येणारा डबा

आमच्या कुंभार पिंपळगावहून स्टेशनला जायला जीप धरावी लागते. स्टेशन लहानच. निजामाच्या वेळची दगडी खोली, तिकिटाची एक खिडकी, पाण्याचा एक नळ. गाडी थांबते दोन मिनिटं. भिंतीवर वेळापत्रक होतं, पण आमची माणसं चालायची झाडाच्या हिशोबानं. फलाटाच्या जालन्याकडच्या टोकाला मोठा लिंब होता. जनरलचा डबा बराबर त्याच्यासमोर यायचा.

आठवीतच माझी शाळा सुटली आणि मी हैदराबादला कामाला निघाले, तेव्हा मायनं मला त्याच लिंबाखाली उभं केलं. "इथून हालू नको," एवढंच म्हणाली.

आता मी इथं डोळ्यांच्या दवाखान्यात झाडपूस करते. मायला मोतीबिंदू झाला तेव्हा मोठ्या सिस्टरनं स्वतः बोलून आमच्याच दवाखान्यात तिच्या ऑपरेशनचा नंबर लावून दिला. त्यांचे उपकार कसे फिटायचे, कोण जाणे. माय एकटीच दुपारच्या गाडीनं निघणार होती, नंबर दुसऱ्या दिवशी सकाळचा होता. गाडी चुकली तर नंबर जाणार, आणि पुन्हा लागायला दोन-तीन महिने. मायला तर माणसाचं तोंडही धुरकट दिसत होतं.

त्या दिवशी सकाळपासून माझ्या हाताला कामच सुचंना. दुपारी जिन्यात बसून फोन लावला.

"माय, लिंबापशी उभी राह्य. हालू नको."

"लिंब कुठाय आता? फलाट उंच केला तव्हाच तोडला की. पण मी बराबर त्याच जाग्यावर हाय."

तेवढ्यात गाडीचा आवाज आला. मंग मायचा घाबरा आवाज, "अगं, हा तर कुलूपबंद डबा हाय! लोकं पुढं पळून राह्यलेत!"

जनरलचा डबा आता दुसऱ्या टोकाला येत होता. मला ते ठाऊकच नव्हतं. सांगणारी मीच, आणि सांगितलं ते जुनं.

फोनमध्ये कुणीतरी पुरुष ओरडला, "मावशी, पळू नका! पडताल!"

"माझा नंबर हाय उद्या डोळ्याचा!"

"हाय ना, मंग चढा इथंच, ह्या शेजारच्या डब्यात. परभणीला लई वेळ थांबते, तिथं बदला. चढा आधी, झेंडा माझ्याच हातात हाय."

फोन बंद झाला. मी जिन्यातच बसून राहिले.

परभणीहून तिचा फोन आला. "बसले गं. टेसनाचे मास्तर होते ते. लई भले."

ऑपरेशन झालं. पुढं गावी गेले तेव्हा त्या मास्तरांना भेटायला मुद्दाम तिकिटाच्या खिडकीवर थांबले; तिकिटंही तेच द्यायचे. त्यांना काहीच आठवेना.

"तुमच्या गावची रोजच दोन-चार माणसं तिथं जाऊन उभी राहतात, बाई. झाड गेलं, माणसं काही हालंनात."

मी हात जोडले. ते हसले आणि पुढच्या माणसाला तिकीट द्यायला लागले.

चार दिवसांनी परत निघाले. रजा संपलेली, पाय दुखत होते, पिशवी खाली ठेवून सवयीनं लिंबाच्याच जाग्यावर उभी राहिले. मास्तर झेंडा घेऊन बाहेर आले आणि माझ्याकडं बघून त्यांनी लांबूनच हात केला, पुढं, पुढं.

मी पिशवी उचलली आणि चालायला लागले.