सहीआधीचा मुशब्बक

...हां, तर फिक्रिया तेवढं बोलली आणि अख्ख्या मांडवातल्या बायकांच्या किलकाऱ्या जागच्या जागी विरल्या. फिक्रिया म्हणजे माझ्या बायकोची धाकटी बहीण. मन काचेसारखं, पण तोंडाला झाकण नाही. लग्न माझ्या मुलीचं. मावशी म्हणून मुबारक घ्यायला हीच दारात उभी. आणि मुबारक घेतलं की उलट काय म्हणायचं, हे आमच्या दुम्यात गावच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. ज्याचं अजून व्हायचंय त्याला म्हणायचं, "पुढचा नंबर तुझा!" झालं! पण ही बया ते म्हणाली कुणाला? नज्जाहला!

नज्जाह आमच्या गल्लीतली शिवणकाम करणारी. वर्षभर सांगत होती की माझं लग्न झालंय, नवरा कुवेतला असतो, रजा मिळाली की येईल. अंगठी घालून हिंडायची. नवरा कुणी पाहिला नव्हता, पण तोंडावर कोण विचारणार? फिक्रिया पडली परगावची. तिनं नज्जाहच्या गालाला हात लावला आणि मनापासून म्हणाली, "अगं, पुढचा नंबर तुझा!"

नज्जाहचा चेहरा पांढराफटक. आणि सगळ्यांच्या माना वळल्या शेख बद्रानकडं.

शेख बद्रान आमच्या भागाचा निकाह लिहिणारा. गल्लीतलं एकही लग्न त्याच्या वहीत लिहिल्यावाचून होत नाही, म्हणजे नज्जाहचं झालं की नाही हे त्या मांडवात त्या एकट्याला पक्कं ठाऊक. तो पगडी नीट करून बसलेला, हातात मुशब्बकचं, म्हणजे आमच्याकडच्या जिलेबीचं वेटोळं, त्यातून पाक निथळतोय. कुणीतरी म्हणालं, "शेख, बोला की काहीतरी!" शेखनं घास चावला, बोटं चाटली, पाणी मागितलं आणि म्हणाला, "पाक जरा घट्ट झालाय."

बस्स. हो नाही, नाही नाही.

आता तुम्ही म्हणाल, असा माणूस किती शांत, किती समाधानी! खोटं. शेख बद्रानइतका जळका माणूस मी आयुष्यात दुसरा पाहिला नाही. मी गावच्या मशिदीतल्या शाळेत चार अक्षरं शिकलो आणि पुढं जन्मभर खुर्च्यांच्या पाठीवर लाकडी गुलाब कोरले, पण माणूस ओळखायला आणखी शाळा लागत नाही. शेख जळायचा, अगदी धूर निघेस्तोवर जळायचा. फक्त खिडक्या बंद ठेवून.

त्याचं कारण म्हणजे कादंबरी. मन्ज़ला तळ्यावरच्या एका नावाड्याची कादंबरी तो लिहीत होता. सुरू केली तेव्हा दाढी काळी होती. नाईलकाठच्या संस्कृती भवनात लिहिणाऱ्यांची मंडळी जमते, तिथं तो अधूनमधून दोन पानं वाचायचा. मीही जायचो, कारण तिथं चहा फुकट आणि ऐकणारे आयते.

त्याच मंडळीत डॉक्टर हाज़िम. दातांचा डॉक्टर. दिसायला देखणा, आवाज भरदार, आणि फेसबुकवर त्याच्या मागं हजारो माणसं. त्यानं सकाळी खिडकीतून नदीचा फोटो टाकला तरी दुपारपर्यंत वाहवा. आमच्या शेखच्या पानावर काय? दर शुक्रवारी एक गुलाबाचं चित्र आणि खाली 'जुम्मा मुबारक'. त्याला त्याच्या दोन मुली आणि एक साडू पसंती द्यायचे.

कैरोत मादाम दौलत नावाची प्रकाशक आहे. बाई कडक, पण तिनं छापलेलं पुस्तक लोक वाचतात. डॉक्टरनं तिला कादंबरी पाठवली. तिचा फोन आला की कादंबरी आवडली, भेटून बोलू. एवढंच! पण डॉक्टरनं फोन ठेवायच्या आत फेसबुकवर टाकलं, 'माझी कादंबरी येत आहे!' गुरुवारी मंडळीत मुशब्बकचं ताट घेऊन आला. वाटता वाटता शेखपाशी थांबला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "घ्या शेख, तोंड गोड करा. आणि तुमच्या नावाड्याचं काय? अहो, एव्हाना हत्तीणसुद्धा व्याली असती!"

लोक हसले. मीही हसलो, विनोद चांगला होता. शेखनं वेटोळं उचललं, खाल्लं, "मुबारक" म्हणाला. डॉक्टर म्हणाला, "पुढचा नंबर तुमचा, शेख."

दुसऱ्या दिवशी शेख माझ्या कारखान्यात आला आणि दार लोटून घेतलं.

"अम्म अवद, काम थांबवा." अम्म म्हणजे काका, गावात सगळे मला असंच हाक मारतात.

"थांबवलं. झालं काय?"

"तो हत्तीण म्हणाला मला!"

"हत्तीण नाही म्हणाला. हत्तीण बरी, म्हणाला."

मग शेख जो सुटला! फेसबुकवर काय लिहिणार होता ते सगळं उभ्यानं बोलून दाखवलं. डॉक्टरच्या कादंबरीतली नायिका प्रत्येक पानावर रडते, कारण लिहिणाऱ्याला दात उपटायचीच सवय. त्याच्या उपमा कवळीसारख्या, रात्री काढून ठेवाव्या लागतात. मला इतकं आवडलं की हातातल्या लाकडी हातोडीनं बाकावर ठोका दिला.

"हे काय?" शेखनं विचारलं.

"लाइक."

त्या दिवसापासून तसं ठरूनच गेलं. शेखचं खरं फेसबुक म्हणजे माझा कारखाना. पोटात काही पेटलं की दिवस कलता, असरच्या नमाजानंतर यायचा, खुर्च्यांच्या सांगाड्यांपुढं भाषण ठोकायचा, मी ठोके द्यायचो, मग तो तोंड धुऊन घरी जायचा आणि शुक्रवारी गुलाब टाकायचा. आणि जळायचा किती! डॉक्टरच्या कुठल्या फोटोला किती पसंती पडली ते तोंडपाठ. एकदा लग्न लावताना नवऱ्याचं नाव मोठ्यानं 'हाज़िम' म्हणून घेतलं. नवरा होता सालिम. वधूपित्याला घाम फुटला.

आणि मग एके दिवशी तो आला, पण भाषण नाही, काही नाही. सांगाड्यावर बसला. म्हणाला, "अम्म अवद, मीही नावाडी पुरा करून मादाम दौलतला पाठवला होता. तिचा फोन आला. गेलो, करारावर सही करून आलो."

मी हातोडी उचलली तर त्यानं माझा हात धरला. "ठोका नको. बाई म्हणाली, जानेवारीच्या पुस्तकमेळ्याची यादी ती स्वतः जाहीर करेपर्यंत कुठं बोलायचं नाही. नाव नाही, मुखपृष्ठ नाही, काही नाही. म्हणाली, ज्याचं आतलं बोलणं रस्त्यावर येतं त्याच्याबरोबर मला काम करता येत नाही."

"मग मला का सांगितलंत? अख्ख्या दुम्यातमध्ये माझ्यापेक्षा जास्त बोलणारा कोण आहे?"

"म्हणूनच," शेख म्हणाला. "तुम्ही सांगितलंत तरी खरं कोण मानतंय?"

लागलं मला. पण बरोबर होतं त्याचं.

"आणि डॉक्टर?" मी विचारलं. "त्यानं सही केली का?"

शेखनं वर छताकडं पाहिलं. "तुमच्या छताला पाणी लागलंय."

आता तिकडं डॉक्टरची गाडी सुटलेली. तीन मुखपृष्ठं फेसबुकवर टाकली, लोकांनो निवडा. बाईनं नुसती बघायला पाठवलेली! मग त्याची कादंबरी तपासणाऱ्या मुलीनं काही वाक्यं कापा म्हणून खासगीत लिहिलं, तर तिच्या संदेशांचे फोटोच टाकले. वर लिहिलं, 'काल शाळेतून सुटलेली मुलगी मला भाषा शिकवते!' शेकडो लोक हसले. त्या मुलीच्या आईवडिलांनीही ते वाचलं असणार. शेखनं मला ते दाखवलं, पण त्या दिवशी भाषण केलं नाही. एवढंच म्हणाला, "मांडवातल्या मुलीचा बुरखा ओढलाय यानं."

त्यानंतर डॉक्टरच्या पानावर कादंबरीचं नाव येईना. 'येत आहे' जाऊन 'लवकरच' झालं, मग तेही गेलं. आमच्याकडं कुणी तोंडावर विचारत नाही. मुशब्बक सगळ्यांनी खाल्लेला, विचारणार कोण? लोक त्याला 'कादंबरीकार' म्हणत राहिले, तोही मान डोलवत राहिला.

आणि मग त्यानं विष टाकलं. नाव न घेता लिहिलं, 'काही पगडीवाले कैरोला जाऊन कानात कुजबुजतात. स्वतःला छापता येत नाही, म्हणून दुसऱ्याचं अडवतात.'

आमच्या गावात लिहिणारा पगडीवाला एकच.

शेखचं गावात फिरणं अवघड झालं. मंडळीत त्याच्या शेजारची खुर्ची रिकामी राहू लागली. एका वधूपित्यानं तर सरळ दुसऱ्या भागातला शेख बोलावला. म्हणे, ज्याच्या पोटात काही राहत नाही त्याच्यापुढं मेहेराची बोलणी कशी करायची? आणि शेख गेला होता कैरोला, लोकांनी बसला चढताना पाहिलेला! एका ओळीत सुटका होती: मी माझ्या पुस्तकासाठी गेलो होतो. पण ती ओळ लिहिली की बाईला दिलेला शब्द मोडला, आणि शब्द मोडला की पुस्तक गेलं.

त्या दिवशी तो तडक कारखान्यात आला. फोनवर सगळं लिहून आणलेलं. वाचून दाखवलं. बापरे! डॉक्टरला सोलून भुसा भरला होता. मी इतके ठोके दिले की बाकाला खोक पडली.

"टाका!" मी म्हणालो. "आत्ता टाका. आणा तो फोन इकडं!"

अंगठा बटणावर होता हो त्याचा. मी पाहिला. मग त्यानं एकेक अक्षर पुसायला सुरुवात केली.

"अहो, काय करताय? इतकं सुंदर लिहिलंय!"

"अम्म अवद, लग्नाच्या बैठकीत मुलीकडचे मला दहा गोष्टी सांगतात, मुलाकडचे वीस. सोन्यावरून एकमेकांची आई काढतात. मी वहीत काय लिहितो? दोघांनी कबूल केलं तेवढंच. म्हणून ती लग्नं टिकतात. माझं स्वतःचं लग्न लागायच्या वेळी मी मांडवात पगडी फेकू?"

"पण तुम्ही जळताय!"

"जळतोय की," शेख म्हणाला. "त्याच्या त्या हजारो माणसांतली शंभर जरी मला मिळाली असती ना, तर मी रोज नदीचा फोटो टाकला असता." आणि पुसत राहिला, पुसत राहिला.

जानेवारी उजाडला. एका सकाळी मादाम दौलतनं मेळ्याची यादी टाकली. मुखपृष्ठावर होडी, खाली नाव: बद्रान. गावात जो गलका झाला! कालपर्यंत दुसरा शेख बोलावणारे माझ्या दारात येऊन विचारू लागले, "अम्म अवद, तुम्हाला ठाऊक होतं?" मी म्हणालो, "पहिल्या दिवसापासून." कुणी खरं मानलं नाही.

संध्याकाळी त्या यादीखाली डॉक्टरनं लिहिलं, सगळ्यांदेखत: 'मुबारक, शेख! पण हा तर चोरून निकाह झाला. ना वरात, ना मुशब्बक. आम्हा गाववाल्यांपासून असं काय लपवायचं होतं?'

मंडळीतला जो तो फोन हातात धरून बसला. शेख आता मोकळा होता. बाईची अट संपली होती, पुस्तक छापून तयार होतं, कुणाची भीती नव्हती. तो माझ्याकडं आला. मी चार उत्तरं तयार ठेवली होती, एकाहून एक जहाल. डॉक्टरच्या मुशब्बकाचं पुढं काय झालं, हे विचारणारं तर मला फारच आवडलं होतं. शेखनं चारही ऐकली, हसला. मग म्हणाला, "अम्म अवद, तुमच्या मुलीच्या लग्नात फिक्रिया नज्जाहला जे म्हणाली, ते टोचून म्हणाली होती का हो?"

"छे! तिच्या मनात तसं काहीच नव्हतं. म्हणून तर एवढं लागलं."

"आणि पुढच्याच वर्षी नज्जाहचा निकाह मी लिहिला. चांगला माणूस मिळाला, फर्निचर रंगवतो." शेखनं फोन काढला. "खरं सांगू? त्याचंही पुस्तक यावं. त्यातलं तिसरं प्रकरण माझ्यापेक्षा चांगलं आहे, मंडळीत त्यानं वाचलं तेव्हा ऐकलंय. आलं की मी पुन्हा जळेन, पण यावं."

"हे खरं बोलताय की फेसबुकसाठी?"

"तुमच्यापुढं मी कधी फेसबुकसाठी बोललोय?"

त्यानं अंगठ्यानं हळूहळू लिहिलं. या वेळी काही पुसलं नाही. मग फोन माझ्या डोळ्यांपुढं धरला. मी चष्मा लावून वाचलं आणि हातोडी उचलायची विसरूनच गेलो. अजूनही ते तिथं आहे, कुणीही जाऊन वाचावं:

"अल्लाह तुमचं भलं करो, डॉक्टरसाहेब. पुढचा नंबर तुमचा."